लपवलेला चौकोन पुन्हा का उगवतो? प्लँटयूएमएल डायग्राममधल्या स्टाइल, हाइड आणि रिमूव्हची गफलत

प्लँटयूएमएल म्हणजे साध्या मजकुरावरून डायग्राम काढून देणारा प्रोग्रॅम. त्याच्याबद्दलची तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. क्लास डायग्राममधले (प्रणालीतल्या घटकांचे म्हणजे क्लासचे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या चित्रातले) रिकामे कप्पे, गोलातलं ‘सी’ अक्षर, खासगी फील्ड (क्लासपुरती ठेवलेली माहिती), नको असलेले दोन-चार चौकोन एकदा नीट लपवलेले असतात. आठवड्याने कुणीतरी थीम (रंगरूपाचा तयार संच) बदलतं किंवा नवी फाइल जोडतं आणि लपवलेलं सगळं परत हजर! मग घाईघाईत प्रत्येक फाइलीत दोन ओळी डकवल्या जातात आणि पुढच्या बदलापर्यंत शांतता. ही डकवाडकवीच दुखणं वाढवते. दिसणं-न-दिसणं, रंगरूप आणि नावांची जुळणी ही प्लँटयूएमएलमध्ये तीन वेगळी खाती आहेत. एका खात्याची चूक दुसऱ्या खात्यात दुरुस्त करायला गेलं, की ती परत येतेच.

उदाहरण म्हणून सांगली-तासगाव पट्ट्यात सगळ्यांना ओळखीचा असलेला बेदाण्याचा सौदा घेऊ. क्लास असे: शेतकरी, लॉट, शीतगृह पावती, अडत्या, सौदा, व्यापारी, पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद). याच मॉडेलची तीन रूपं लागतात. अडत्याला दाखवायला फक्त नावं आणि रेषा पुरतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळी फील्ड आणि मेथड (क्लास करतो ती कामं) हव्या असतात. छापील अहवालाला काळी-पांढरी, ए-४ वर बसणारी प्रत लागते. मॉडेल एक आणि दर्शनं तीन, म्हणूनच स्टाइलशीट हवी.

वाचण्याआधी एवढं ध्यानात असू द्या: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फाइलीत त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने, रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

आधी प्लँटयूएमएलला काय वाचायला मिळालं ते बघा

तुमच्या एडिटरमधली फाइल आणि प्रोग्रॅमच्या हातात पडलेला मजकूर यांत फरक असतो. मध्ये इन्क्लूड (दुसरी फाइल आत समाविष्ट करणाऱ्या ओळी) आणि थीम येतात. म्हणून डोकं खाजवण्याआधी कमांड लाइनवर जार फाइल (प्लँटयूएमएलचा जावा प्रोग्रॅम) ‘-प्रीप्रॉक’ पर्यायाने चालवा. सगळे समावेश जागच्या जागी उलगडलेली मजकुराची एक फाइल तयार होते. ती वरून खाली वाचली, की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात: ‘हाइड मेंबर्स’ लिहिलेलं आहे, पण त्याखाली कुठल्या तरी समावेशातून ‘शो मेंबर्स’ आलेलं असतं. किंवा तुमची स्टाइल फाइल त्यात आलेलीच नसते.

उलटी तपासणीही होते. कुणी जुनी पीएनजी पाठवली आणि ती कोणत्या मजकुरातून निघाली हे कळत नसेल, तर त्या चित्रावर ‘-मेटाडेटा’ पर्याय चालवा. प्लँटयूएमएल पीएनजीमध्ये मूळ मजकूर ठेवून देतं, तो जसाच्या तसा बाहेर येतो. (याच सोयीचा तोटाही आहे, तो शेवटाकडे.)

आवृत्तीही इथेच बघून घ्या. ‘-व्हर्जन’ दिलं की क्रमांक येतो. त्यातला मधला आकडा हा सालाचा. स्टाइल ब्लॉकचा आधार वेगवेगळ्या डायग्रामना टप्प्याटप्प्याने मिळत गेला. त्यामुळे एका संगणकावर लागणारी स्टाइल दुसऱ्यावर लागत नसेल, तर बाकी काही करण्याआधी दोन्हीकडची जार फाइल एकच करा.

स्टाइलचं खातं रंगाचं, हजेरीचं नाही

वेबपेजची सवय असलेला माणूस पहिली चूक इथेच करतो. सीएसएसमध्ये (वेबपेजचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘डिस्प्ले नन’ लिहिलं की घटक गायब होतो, म्हणून तो तेच प्लँटयूएमएलच्या स्टाइल ब्लॉकमध्ये लिहितो. ब्लॉक दिसायला सीएसएससारखा असला तरी तिथे असला गुणधर्म नाही. बहुतेक वेळा चूकही दाखवली जात नाही. ओळ गुपचूप गिळली जाते आणि चौकोन जागेवरच राहतो.

स्टाइलने काय होतं ते हे:

<स्टाइल>
क्लासडायग्राम {
  क्लास {
    बॅकग्राउंडकलर व्हाइट
    लाइनकलर ब्लॅक
    फाँटसाइज १४
    हेडर {
      फाँटस्टाइल बोल्ड
    }
  }
  .एक्सटर्नल {
    बॅकग्राउंडकलर लाइटग्रे
  }
}
</स्टाइल>

टिंबाने सुरू होणारं नाव स्टिरिओटाइपला (क्लासला लावलेल्या लेबलला) जोडलेलं असतं. व्यापारी आणि शीतगृह पावती आपल्या प्रणालीबाहेरचे धरायचे असतील, तर क्लासच्या नावापुढे दुहेरी कोनी कंसात ‘एक्सटर्नल’ लिहायचं. चौकोन करडा होतो, पण कंसातला शब्दही चौकोनात छापला जातो. तो नको असेल तर ‘हाइड स्टिरिओटाइप’. अक्षरं जातात, करडा रंग राहतो.

काही जण लाइनकलर आणि फाँटकलर ‘ट्रान्सपरंट’ किंवा पांढरा करून चौकोन लपवतात. हा जुगाड करू नका. जागा तशीच अडते, त्याच्याकडे जाणाऱ्या रेषा अधांतरी लोंबतात आणि एसव्हीजी (मजकुराच्या रूपात साठवलेलं चित्र) नोटपॅडमध्ये उघडली की ‘लपवलेलं’ सगळं वाचता येतं.

हाइड आणि रिमूव्ह एक नव्हेत

दोन्हींनी चौकोन दिसेनासा होतो, पण ‘हाइड’मध्ये तो मांडणीत हजर असतो, फक्त रंगवला जात नाही. म्हणून मध्येच मोकळी जागा दिसते आणि बाकीचे चौकोन उगाच लांब पडतात. ‘रिमूव्ह’मध्ये तो नव्हताच असं समजून मांडणी नव्याने होते. ‘लपवलं पण भगदाड राहिलं’ ही तक्रार असेल तर हाइडच्या जागी रिमूव्ह लिहा, बस्स. हाइडचा उपयोग उलट्या वेळी होतो: एकाच मांडणीची दोन चित्रं एकापाठोपाठ दाखवायची असतील आणि चौकोन जागेवरून हलायला नको असतील, तेव्हा.

एकेक नाव घेऊन लपवत बसण्यापेक्षा खुणा लावा. क्लासच्या व्याख्येच्या ओळीत डॉलर चिन्हासह खूण द्यायची, उदाहरणार्थ $हिशोब किंवा $गोदाम (रोमनमध्ये). मग ‘रिमूव्ह $गोदाम’ म्हटलं की त्या खुणेचे सगळे क्लास एकदम जातात. उलटही करता येतं: ‘रिमूव्ह *’ने सगळे काढायचे आणि ‘रिस्टोअर $हिशोब’ने हवे तेवढे परत आणायचे. अडत्याला दाखवायच्या प्रतीसाठी ही उलटी पद्धतच जास्त भरवशाची. उद्या मॉडेलमध्ये नवा क्लास वाढला आणि त्याला खूण लावायची राहिली, तर तो आपोआप बाहेरच राहतो. पहिल्या पद्धतीत तो आपोआप आत येतो, आणि ‘लपवलेलं पुन्हा उगवलं’चा गाजावाजा तिथूनच सुरू होतो.

कुणाशीच रेषेने न जोडलेले क्लास काढायला ‘रिमूव्ह @अनलिंक्ड’ आहे. मोठी फाइल समाविष्ट करून तिच्यातले चार-पाचच क्लास वापरायचे असतात, तिथे याने काम झटक्यात होतं.

क्लासच्या आतल्या भागांसाठी आज्ञा अशा. ‘हाइड एम्प्टी मेंबर्स’ने रिकामे कप्पे जातात आणि भरलेले राहतात. ‘हाइड मेंबर्स’ने सगळेच जातात. ‘हाइड फील्ड्स’ आणि ‘हाइड मेथड्स’ने एकेक कप्पा. ‘हाइड सर्कल’ने गोलातलं अक्षर. ‘हाइड प्रायव्हेट मेंबर्स’ने वजा चिन्हाची फील्ड आणि मेथड. मध्ये क्लासचं नाव किंवा स्टिरिओटाइप घातलं तर आज्ञा तेवढ्यापुरती लागते: आधी ‘हाइड मेंबर्स’, मग ‘शो पट्टी फील्ड्स’ म्हटलं की फक्त पट्टीची फील्ड दिसतात.

इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी सर्वसाधारण नियम, मागाहून अपवाद. उलटं लिहिलं तर अपवाद आधी मांडला जातो आणि सर्वसाधारण नियम येऊन त्याच्यावर पाणी फिरवतो. हीच गोष्ट दोन फाइलींत विभागलेली असली की नजरेला पडत नाही, कारण प्रत्येक फाइल सुटी वाचली तर बरोबरच वाटते.

‘वजन (किलो)’ गायब का झालं?

आपल्याकडच्या मॉडेलमध्ये हमखास येणारी ही अडचण आहे, कारण फील्डच्या नावापुढे एकक कंसात लिहायची आपली सवय.

लॉट या क्लासमध्ये तीन फील्ड आहेत: लॉट क्रमांक, बॉक्स संख्या, वजन (किलो). ‘हाइड मेथड्स’ दिलं की लॉट क्रमांक आणि बॉक्स संख्या राहतात, पण वजन उडतं. सौद्यातला ‘भाव (रुपये प्रति किलो)’ही उडतो. सौद्यात भाव नाही आणि लॉटला वजन नाही, असं चित्र अडत्यापुढे ठेवलं तर तो काय म्हणेल ते सांगायला नको.

कारण साधं आहे. ओळीत गोल कंस दिसला की प्लँटयूएमएल ती मेथड समजतं आणि खालच्या कप्प्यात टाकतं. आज्ञा न देता नुसतं चित्र काढून बघा, वजन खालच्या कप्प्यात बसलेलं दिसेल. फक्त तिथे कुणी निरखून बघत नाही. उपाय दोन. एक, ओळीच्या सुरुवातीला महिरपी कंसात ‘फील्ड’ लिहा. मग आत गोल कंस असला तरी ती फील्डच राहते. मेथडसाठी तसंच ‘मेथड’. दोन, गोल कंस टाळून ‘वजन, किलो’ असं लिहा. दुसरा उपाय बरा, कारण पहिला लक्षात ठेवावा लागतो.

याचंच भावंड म्हणजे ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह. पट्टीमध्ये वजावटी लिहिताना ‘-हमाली’, ‘-तोलाई’, ‘-अडत’ असं लिहायचा मोह होतो. प्लँटयूएमएलच्या लेखी सुरुवातीचं वजा म्हणजे खासगी, अधिक म्हणजे सार्वजनिक, हॅश म्हणजे संरक्षित, लाटेचं चिन्ह म्हणजे पॅकेजपुरतं. मग ‘हाइड प्रायव्हेट मेंबर्स’ दिल्यावर सगळ्या वजावटी नाहीशा होतात आणि पट्टीत निव्वळ जमाच उरते! चिन्ह चिन्ह म्हणूनच हवं असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. खासगी-सार्वजनिकच्या रंगीत खुणांऐवजी साधी चिन्हं छापायची असतील तर ‘स्किनपॅरम क्लासॲट्रिब्यूटआयकॉनसाइज ०’.

एकाच नावाचे दोन चौकोन

‘रिमूव्ह’ लिहिलं, नाव बरोबर आहे, तरी चौकोन जात नाही. किंवा ‘शेतकऱ्याची पट्टी’ नावाचे दोन चौकोन दिसतात, एकात फील्ड आणि दुसरा रिकामा.

प्लँटयूएमएलला रेषेच्या ओळीत अनोळखी नाव दिसलं की ते तक्रार करत नाही, त्या नावाचा नवा क्लास तयार करतं. रोमनमध्ये हे स्पेलिंग चुकलं की घडतं. देवनागरीत स्पेलिंग न चुकताही घडतं. ‘शेतकऱ्याची’मधला ‘ऱ्य’ घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबून येणारा ऱ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. हेच अक्षर साधा र म्हणजे ०९३० आणि त्याच्यामागे नुक्ता ०९३सी असंही साठवलं जातं. काही टायपिंग साधनं तिसराच मार्ग धरतात: र, हलन्त आणि न दिसणारा जोडक २००डी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ती तीन वेगळी नावं. दोघांनी दोन साधनांनी टाइप केलेली फाइल असेल तर ही भानगड ठरलेली.

तपासायचं कसं? दिसणाऱ्या दोन नावांपैकी एक कॉपी करून एडिटरच्या शोधा चौकटीत टाका. दुसरं सापडलं नाही तर ते वेगळं आहे.

कायमचा उपाय: देवनागरी नाव फक्त एकदाच, अवतरणचिन्हांत लिहायचं आणि त्याला ‘ॲज’ लावून रोमन टोपणनाव द्यायचं. पुढे रेषा, हाइड, रिमूव्ह, टिपा, सगळीकडे टोपणनावच. चित्रात देवनागरी दिसतं, जुळणी मात्र रोमन नावावर होते. टोपणनाव दिल्यावर ‘हाइड’मध्ये देवनागरी नाव लिहून उपयोग नाही, हेही त्यातच आलं.

टिंबांचाही असाच त्रास. क्लासच्या नावात टिंब आलं की प्लँटयूएमएल ते पॅकेजचं विभाजक धरतं, आणि ‘टी.डी.एस.’ लिहिलं की विनाकारण एकात एक डबे तयार होतात. टोपणनावाने हेही टळतं. नाहीतर फाइलीच्या डोक्यावर ‘सेट सेपरेटर नन’ लिहा.

थीम, स्टाइल, मॉडेल, दर्शन: क्रम हाच ठेवा

फाइली चार प्रकारच्या करा. पहिली फक्त स्टाइल ब्लॉकची. दुसरी मॉडेलची: क्लास, रेषा, खुणा, यात रंग नाही की हाइड नाही. तिसऱ्या प्रकारच्या दर्शन-फाइली: अडत्या, प्रोग्रॅमर, छपाई, प्रत्येकीत फक्त हाइड, शो, रिमूव्ह, रिस्टोअर. चौथी म्हणजे प्रत्यक्ष चित्राची फाइल, जी पाच-सहा ओळींची असते: थीम हवी असेल तर ती, मग स्टाइलचा इन्क्लूड, मग मॉडेलचा, आणि शेवटी दर्शनाचा.

थीम सर्वांत वर. ती खाली गेली तर तुमच्या रंगांवर स्वतःचे रंग चढवते, आणि मग ‘स्टाइलशीट चालत नाही’ अशी बोंब होते. कंपनीची किंवा कॉलेजची स्वतःची थीम करायची असेल तर फाइलीचं नाव ‘पीयूएमएल-थीम-’ने सुरू व्हायला हवं आणि ‘!थीम’च्या ओळीत नावापुढे ‘फ्रॉम’ लिहून फोल्डरचा रस्ता द्यायला हवा.

स्टाइल आणि दर्शन एकाच फाइलीत का नको? कारण स्टाइलची फाइल सीक्वेन्स डायग्राममध्येही (घटनांचा क्रम दाखवणाऱ्या चित्रातही) समाविष्ट करता येते, तिथे ‘क्लासडायग्राम’चा भाग नुसता लागू होत नाही. पण ‘हाइड एम्प्टी मेंबर्स’ सीक्वेन्स डायग्राममध्ये गेलं की थेट वाक्यरचनेची चूक. मग कुणीतरी ती ओळ काढतं, सीक्वेन्स डायग्राम सुधारतो आणि सगळ्या क्लास डायग्राममध्ये रिकामे कप्पे परत येतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं सर्वांत ठरलेलं कारण हेच.

रंग लागत नसेल तर डायग्रामचा प्रकारही पाहा. ‘क्लासडायग्राम’च्या कंसातले नियम कंपोनंट डायग्रामला लागत नाहीत, त्यासाठी ‘कंपोनंटडायग्राम’चा वेगळा कंस लागतो. कंपोनंट आणि इंटरफेसवर बेतलेली फाइल तुम्ही क्लास डायग्राम समजत असलात तरी प्लँटयूएमएल तसं समजत नाही. सगळ्या प्रकारांना लागायला हवं ते ‘रूट’च्या कंसात.

स्किनपॅरम ही रंगरूपाची जुनी पद्धत, स्टाइल ही नवी. दोन्ही चालतात, पण एकाच गुणधर्मासाठी दोन्ही वापरू नका. जुन्या फाइलीत पन्नास स्किनपॅरम असतील तर एका बैठकीत हलवा. निम्मे इकडे निम्मे तिकडे ठेवलं तर कोण कोणावर चढलं ते शोधण्यात दिवस जातो. आणि क्लासच्या ओळीतच हॅश लावून दिलेला रंग या सगळ्यांवर मात करतो. एकच चौकोन हट्टाने गुलाबी राहत असेल तर त्याची व्याख्येची ओळ बघा.

इन्क्लूडचा रस्ता ज्या फाइलीत ती ओळ आहे तिच्या फोल्डरपासून मोजला जातो. चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर काढून घेत असाल, तर त्या सर्व्हरला तुमच्या डिस्कवरची स्टाइल फाइल दिसत नाही. अशा वेळी एडिटरच्या सेटिंगमध्ये स्थानिक जार निवडा. समाविष्ट फाइलीत बदल करूनही दर्शनी चित्र तसंच राहिलं, तर मुख्य फाइल पुन्हा सेव्ह करून बघा.

मराठी अक्षरं चौकटी होतात, प्रश्नचिन्हं होतात, फाटतात

तीन लक्षणं, तीन कारणं.

प्रश्नचिन्हं किंवा टोपी घातलेली परकी अक्षरं आली तर तो एन्कोडिंगचा (अक्षरं साठवायच्या पद्धतीचा) घोळ. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि जार चालवताना ‘-कॅरसेट यूटीएफ-८’ द्या. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं. त्याआधीची जावा विंडोजवर विंडोजचं एन्कोडिंग धरते. म्हणून जुन्या मशिनवर हे हटकून होतं.

रिकाम्या चौकटी आल्या तर फाँट नाही. विंडोजवर निर्मला यूआय असतोच, तो ‘रूट’च्या कंसात फाँटनेम म्हणून द्या. उबंटू किंवा डेबियनच्या सर्व्हरवर बहुधा देवनागरी फाँट नसतो; ‘फाँट्स-लोहित-देवा’ किंवा ‘फाँट्स-नोटो-कोअर’ पॅकेज टाका आणि ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ चालवून यादी येते का पाहा.

अक्षरं बरोबर पण मध्ये फटी पडून शिरोरेषा तुटलेली, हे एसव्हीजीत होतं. चित्र काढताना जावाने ज्या फाँटने शब्दाची लांबी मोजली, ती लांबी एसव्हीजीत लिहिलेली असते. बघणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर ब्राउझर दुसऱ्या फाँटची अक्षरं तेवढ्याच लांबीत ताणून बसवतो. रोमन अक्षरं जराशी विरळ झाली तर चालून जातं, देवनागरी मात्र फाटल्यासारखी दिसते. दोन्हीकडे एकच फाँट ठेवा, नाहीतर बाहेर द्यायची प्रत पीएनजीत काढा.

उजवीकडचे चौकोन कापले गेले

हे ‘लपणं’ हाइडमुळे नसतं. पीएनजीची रुंदी आणि उंची प्रत्येकी ४०९६ पिक्सेलला तोडली जाते. पडद्यावर सगळं दिसतं आणि छपाईच्या प्रतीत व्यापारी व पट्टी नाहीत, असं झालं तर संशय ‘स्किनपॅरम डीपीआय ३००’वर घ्या (डीपीआय म्हणजे दर इंचाला किती ठिपके). मूळ ९६ डीपीआयला १४०० पिक्सेल रुंद असलेलं चित्र ३०० ला ४३७५ पिक्सेल होतं, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. साधा हिशोब: मूळ रुंदी १३१० पिक्सेलच्या वर असेल तर ३०० डीपीआयला ते कापलं जाणार.

‘प्लँटयूएमएल_लिमिट_साइज’ हे पर्यावरण चल ८१९२ करा (सगळी मोठी अक्षरं, मध्ये अधोरेखा) आणि स्मृती कमी पडल्याची तक्रार आली तर जावाला ‘-एक्सएमएक्स१०२४एम’ द्या. पण ए-४ आडव्या कागदाची रुंदी ३०० डीपीआयला ३५०८ पिक्सेलच भरते. त्याहून मोठं चित्र छापताना लहान करावंच लागणार. तेव्हा मर्यादा वाढवण्याआधी ‘लेफ्ट टू राइट डायरेक्शन’ घालून किंवा काढून मांडणीची दिशा बदलून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच बसतं.

लपवलेलं खरंच लपलं आहे का?

बाहेरच्या माणसाला चित्र पाठवायचं असेल तर हे वाचाच. हाइड आणि रिमूव्ह फक्त चित्रापुरते. पीएनजीच्या पोटात मूळ मजकूर जातो हे वर आलंच. त्यात काढून टाकलेल्या क्लासचाही समावेश असतो. व्यापाऱ्याचं येणं आणि अडत्याची उचल हे क्लास चित्रात नाहीत म्हणून निर्धास्त होऊन फाइल पाठवली, तरी समोरचा एका आज्ञेत ते वाचू शकतो. अशी प्रत काढताना ‘-नोमेटाडेटा’ द्या आणि पाठवण्याआधी स्वतः ‘-मेटाडेटा’ चालवून खात्री करा.

पॅपिरस वापरत असाल तर

एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगच्या साधनातल्या पॅपिरस या डायग्राम-एडिटरला वरचं बरंचसं लागू नाही. तिथे खरी सीएसएस फाइल जोडता येते आणि ‘व्हिजिबल: फॉल्स’ने कप्पा खरोखर लपतो, क्लासच्या आतल्या कंपार्टमेंटला त्याच्या ‘काइंड’नुसार निवडून ॲट्रिब्यूटचा कप्पा झाकता येतो. ‘इझॲब्स्ट्रॅक्ट’सारख्या मॉडेलमधल्या गुणधर्मावरूनही निवड होते. स्टाइलशीट एकट्या डायग्रामला किंवा अख्ख्या मॉडेलला जोडता येते; डायग्रामची जवळची, म्हणून तिचा शब्द वरचढ.

तिथली ठरलेली तक्रार वेगळी: फाइल जोडली, बाकी सगळे क्लास बदलले, दोन मात्र ढिम्म. त्या दोन क्लासचा रंग किंवा कप्पा कुणीतरी आधी प्रॉपर्टीज खिडकीतून हाताने बदललेला असतो, आणि हाताने केलेला बदल स्टाइलशीटवर भारी पडतो. ते दोन घटक निवडून त्यांची स्टाइल रीसेट करा, म्हणजे ते पुन्हा शीटच्या हुकमात येतात. बदललेली सीएसएस उमटत नसेल तर डायग्राम बंद करून परत उघडा. आणि प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना सीएसएस फाइल बरोबर गेली का ते बघा: ती बाहेरची फाइल म्हणून जोडली असेल तर नोटेशन फाइलीत (डायग्रामची मांडणी साठवणाऱ्या फाइलीत) फक्त तिचा रस्ता लिहिलेला असतो.